घडलेले आणि गुंफलेले : मराठवाड्याच्या कथेतला कथानकाचा प्रश्न

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे निजलेली असताना, किल्लारी, सास्तूर आणि आसपासची कितीतरी गावे भूकंपाने काही क्षणांत दगडमातीखाली गेली. सुमारे दहा हजार माणसे दगावली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात त्या वेळी कळत्या वयात असलेल्या प्रत्येकाजवळ त्या पहाटेची एक गोष्ट आहे. कोण अंगणात झोपले म्हणून वाचले, कोण पाणी प्यायला उठले आणि तेवढ्यात मागची भिंत बसली, कुणाचा लेक परगावाहून आला तर त्याला आपली गल्लीच ओळखता येईना. तोंडी ऐकताना या गोष्टी अंगावर येतात. पण त्याच कुणी कथा म्हणून लिहून आणल्या की पुष्कळदा तिसऱ्या-चौथ्या पानावर त्यांतला जीव जातो. महाविद्यालयांच्या वार्षिकांकांत आणि कथास्पर्धांच्या गठ्ठ्यांत हे मी वारंवार पाहिले आहे. लिहिणाऱ्याला वाटते, आपली भाषा कमी पडली. भाषा बहुधा चांगली असते. त्याला गोष्ट सापडलेली असते, कथानक सापडायचे राहिलेले असते.

हा फरक इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये केंब्रिजच्या व्याख्यानांत मांडला आणि तेव्हापासून तो जगभरच्या वर्गांत शिकवला जातो. त्यांचे उदाहरण राजाराणीचे होते. आपण आपल्या मुलखातले घेऊ. एका शेतकऱ्याने बैल विकला; मग त्याची मुलगी लातूरला शिकायला गेली. ही गोष्ट झाली, एकामागून एक घडलेले सांगितले. मुलीच्या क्लासची फी भरायची होती म्हणून त्याने बैल विकला, असे म्हटले की कथानकाला सुरुवात होते. आता तिसरी तऱ्हा पाहा. बापाने बैल विकला. दारूपायी विकला असे गाव म्हणाले, मुलीनेही तेच धरले आणि ती त्याच्याशी बोलेनाशी झाली. फीचे पैसे कुठून आले हे तिला दुसऱ्या वर्षी, भलत्याच माणसाकडून कळले. तिन्ही वेळा घडलेले तेच आहे. तिसऱ्या वेळी मात्र लेखकाने दोन गोष्टी हातात घेतल्या : कशामुळे काय झाले, आणि ते कुणाला केव्हा कळणार.

म्हणजे कथानकाला दोन अंगे आहेत, कारण आणि क्रम. फॉर्स्टर कारणावर भर देतात. त्याच सुमारास रशियात श्क्लोव्हस्की, तोमाशेव्हस्की या मंडळींनी क्रमाकडे लक्ष वेधले. घडलेल्याचा कालक्रम वेगळा आणि सांगण्याची मांडणी वेगळी, आणि कला मांडणीत असते, असे त्यांचे म्हणणे. दोघांचेही खरे आहे. पण आपल्याकडच्या लेखनापुरते बोलायचे तर मला कारणाचा प्रश्न अधिक निकडीचा वाटतो. शेवट आधी सांगणे, मधूनच भूतकाळात जाणे हे आजचा तरुण लेखक सिनेमे पाहून शिकतो. कारण शोधायला मात्र गावाकडे, माणसाकडे आणि स्वतःकडे बराच वेळ पाहत बसावे लागते.

किल्लारीचेच घ्या. भूकंप का झाला, याचे उत्तर भूगर्भशास्त्राकडे आहे. कथेला त्याचा उपयोग नाही. कथेत भूकंप तसाच आणला तर तो लेखकाने पात्रे संपवण्यासाठी केलेली सोय वाटतो, मग तो प्रत्यक्षात कितीही घडलेला असो. पण माणसे का मेली, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर घरात आहे. या भागातली घरे दगडमातीच्या जाड भिंतींची आणि वर माळवद. माळवदावर मातीचा जाड थर, गळू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडी त्यावर आणखी माती. घर जितके ऐपतीचे तितकी भिंत रुंद. उन्हापासून, चोरापासून, रझाकारांच्या दिवसांत हल्ल्यापासून ज्या भिंतीने राखले तीच भिंत त्या पहाटे अंगावर आली. इथे कथानकाचे बीज आहे. त्यात पुन्हा आदल्या वर्षापासून किल्लारीच्या परिसरात धक्के बसत होते. घाबरून बाहेर अंथरूण टाकणारा माणूस पुन्हा आत केव्हा गेला? कुणाच्या शब्दावरून गेला? म्हाताऱ्या आईला थंडी वाजते म्हणून, की शेजारी हसतात म्हणून? या एका प्रश्नाभोवती सबंध कादंबरी उभी राहू शकते आणि भूकंप तिच्या शेवटी आला तरी तो सोयीचा वाटणार नाही. पुढे पुनर्वसन आले, नवी वसाहत आली, मदतीच्या रकमेवरून भावाभावांत फाटले, वारस कोण यावरून कज्जे झाले. तिथेही माणसाच्या कृतीतून पुढची घटना निघते.

दुष्काळाची अडचण याच्या नेमकी उलट आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्याआधी पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू झाली होती. बातमीला हे पुरेसे होते. पण दुष्काळ म्हणजे बहुतेक काळ काहीच न घडणे. विहीर एका दिवसात आटत नाही. भूकंपात घटना प्रचंड आणि माणसाच्या हातातले कारण शोधावे लागते. दुष्काळात कारणे ढीगभर, उसाखालचे रान, खोल जाणारी बोअर, मांजरा धरणाचे वाटप, आणि घटना मात्र हुडकावी लागते. मराठवाड्याच्या लेखकाला कथानकाचा प्रश्न पुण्या-मुंबईच्या लेखकापेक्षा अवघड का जातो, याचे एक उत्तर मला इथे दिसते. त्याच्या वाट्याला आलेली दोन्ही मोठी संकटे कथानकाला सहजासहजी वश होणारी नाहीत.

मात्र इथल्या परंपरेला हा फरक परका नव्हता. नारदीय कीर्तनात पूर्वरंग झाला की उत्तररंगात आख्यान लागते. द्रौपदी वस्त्रहरण असो की हरिश्चंद्र, समोर बसलेल्या आजीला सगळे पाठ असते. पुढे काय, हा प्रश्नच तिथे नसतो, तरी माणसे मध्यरात्रीपर्यंत हलत नाहीत. कीर्तनकार कुठून उचलतो, कुठे थांबतो, कोणत्या पात्राच्या मनात शिरतो, यावर सगळे चालते. माहूरच्या रेणुकेचा गोंधळ घालणारा गोंधळी, माळेगावच्या जत्रेत खंडोबाची गाणी म्हणणारे वाघ्या-मुरळी, यांचेही भांडवल हेच. गोष्ट सगळ्यांची, गुंफण सांगणाऱ्याची.

संस्कृत शास्त्रकारांनी तर याचा बारकाईने विचार केला. भरताचे नाट्यशास्त्र आणि पुढे धनंजयाचे दशरूपक यांत आधिकारिक आणि प्रासंगिक कथावस्तू, पाच अर्थप्रकृती, पाच अवस्था, पाच संधी अशी मांडणी आहे. ती परीक्षेसाठी घोकून विसरली जाते ही वाईट गोष्ट आहे, कारण बीज कुठे पडले आणि ते दिसेनासे होऊन पुन्हा कुठे उगवले, हे पाहायला ती आजही उपयोगी पडते. आणि कालिदासाने शकुंतलेचे जे केले त्याहून चांगला धडा या विषयावर नाही. महाभारताच्या आदिपर्वात दुष्यंताला शकुंतला ओळखू येते, तो लोकांच्या भयाने नाकारतो आणि आकाशवाणी झाल्यावर स्वीकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणली. घटना जवळपास त्याच राहिल्या, नाकारण्याचे कारण बदलले, आणि एक सबंध माणूस बदलला. मूळ कथेत असा बदल करून कवी काय साधतो याची चर्चा कुंतकाने वक्रोक्तिजीवितात केली आहे. फॉर्स्टरच्या आधी जवळजवळ हजार वर्षे.

जाता जाता पैठणच्या गुणाढ्याची आठवण काढायला हवी. कथासरित्सागर सांगतो की सातवाहन राजाने त्याची पैशाची भाषेतली बृहत्कथा नाकारली, तेव्हा तो रानात बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि अग्नीत टाकी. सात लाखांपैकी एक लाख श्लोक तेवढे वाचले. दंतकथा म्हणून सोडून दिली तरी कथेत कथा, तिच्या पोटात आणखी कथा अशी जी रचना त्या परंपरेने जगाला दिली, तिचा उगम गोदाकाठी सांगितला जातो, हे इथल्या लेखकाने विसरू नये.

आधुनिक मराठीत कथानकाची प्रतिष्ठा एकदा फार वाढली आणि मग फार घसरली. ना. सी. फडक्यांनी १९३१ च्या ‘प्रतिभासाधन’मध्ये कादंबरी-कथेचे तंत्र शिकवता येते अशा विश्वासाने लिहिले. गुंतागुंत, निरगाठ, उकल. त्याचे अनुकरण करणाऱ्यांनी योगायोगांचा इतका सुळसुळाट केला की १९४५ नंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेला तंत्राविरुद्ध उभे राहावेच लागले. ते योग्यच झाले. पण त्यातून एक समजूत पसरली, ती अजून आपल्या शिकवण्यात टिकून आहे : कथानक म्हणजे बाजारू, अनुभव म्हणजे अस्सल. पुढे १९६३ मध्ये भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली. नेमाडे यांनी लघुकथेला कमी लेखले आणि ते औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात शिकवत असल्याने त्यांच्या मतांचा धाक आमच्या भागात जरा जास्तच राहिला. ‘कोसला’ला कथानक नाही असे म्हणणाऱ्यांनी नायक पांडुरंगाच्या धाकट्या बहिणीच्या मृत्यूची पाने पुन्हा वाचावीत. त्या मृत्यूच्या आधीचा आणि नंतरचा पांडुरंग एक नाही. ज्याला आपण विस्कळीतपणा म्हणतो त्याला तिथून वजन येते. कादंबरीला एक कणा आहे, तो लेखकाने दाखवला नाही एवढेच.

या वादात नांदेडचा आवाज वेगळा होता. नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवत, तिथेच पुढे प्राचार्य झाले. ‘धार आणि काठ’ हे त्यांचे पुस्तक मराठी कादंबरीच्या वाटचालीचा धांडोळा घेते, आणि भरताच्या नाट्यशास्त्रावरही त्यांनी मन लावून काम केले. पण या प्रश्नासाठी मला महत्त्वाची वाटते ती त्यांची रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ला असलेली पत्ररूप प्रस्तावना. शिवाजी महाराजांची गोष्ट मराठी मुलाला शाळेत जाण्याआधीच माहीत असते. अफझलखान, शाइस्तेखान, आग्रा, राज्याभिषेक हे प्रसंग इतके नाट्यमय आहेत की कादंबरीकाराने ते नुसते ओळीने लावले तरी वाचक पाने उलटत राहील. कुरुंदकर या प्रसंगांच्या मागे जातात आणि विचारतात, हे राज्य उभे का राहिले आणि राजा गेल्यावरही माणसे त्यासाठी लढत का राहिली. इतिहासकाराचा प्रश्न आहे हा. कादंबरीकाराला लिहिलेल्या पत्रात तो आला म्हणून तो कथानकाचाही झाला. प्रस्तावना वाचून कादंबरीकडे वळले की अपेक्षा फार उंचावते आणि प्रत्येक पानावर ती पुरी होत नाही, असे माझे मत आहे. तरीही मराठीत लेखक आणि टीकाकार यांच्यातला इतका मोकळा, इतका मूलगामी संवाद छापला गेल्याची उदाहरणे थोडी आहेत.

प्रत्यक्ष कथा-कादंबरीकडे आले की पहिले नाव रा. रं. बोराडे यांचे. लातूर तालुक्यातल्या काटगावचे. २०२५ च्या फेब्रुवारीत ते गेले. १९७१ ची ‘पाचोळा’ ही त्यांची कादंबरी मी या विषयावर बोलताना दर वेळी पुढे ठेवतो. गावातला शिंपी गंगाराम, त्याची बायको पारबती, आणि उसवत जाणारे घर. नुसते इतके सांगितले तर ती गरिबीची आणखी एक गोष्ट. बोराडे यांनी सगळे पारबतीच्या तोंडी दिले, तिच्याच बोलीत. तिला दिसते तेवढेच आपल्याला दिसते. घरावर काय काय आले ते ती सांगत जाते, दैवाला बोल लावते, गावातल्या वजनदारांना लावते. वाचकाला मात्र तिच्या वाक्यांच्या मधून गंगारामचा ताठा दिसू लागतो, आणि तो ताठा सोडला असता तर त्याच्यापाशी काय उरले असते, हेही दिसते. कारण सांगितलेले नाही. सांगणारीला ते पूर्ण कळलेलेही नाही. बोलीचे सौंदर्य म्हणून ‘पाचोळा’ची स्तुती पुष्कळ झाली. तिच्या बांधणीची तेवढी झाली नाही. बोली ही त्या कादंबरीची सजावट असती तर ती एव्हाना जुनी झाली असती.

भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ मराठीच्या पाठ्यपुस्तकामुळे हजारो मुलांनी वाचली आहे. टोमॅटो घेऊन बाप बाजारात बसतो, भाव पडत जातो, आणि शेवटी तो आपल्याच मालावर नाचून त्याचा चिखल करतो. भाव पडणे ही घटना बाजारात रोज घडते. कथा वळते ती बापाच्या कृतीने. तो रडला असता, माल टाकून निघून गेला असता, तर तो दुःखाचा प्रसंग झाला असता. पायाखाली तुडवतो तेव्हा दिवसभराचा प्रत्येक नकार त्या पायांत उतरतो. आठ-दहा पानांत कथानक म्हणजे काय, हे समजून घ्यायचे असेल तर मुलांकडून ही कथा उलटीकडून वाचून घ्यावी : शेवटापासून मागे जात, प्रत्येक प्रसंग काढून पाहावा आणि शेवट तसाच उभा राहतो का ते तपासावे.

लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७; पुढच्या वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार) हे आत्मकथन, म्हणून त्याला कथानकाची फूटपट्टी लावू नये असे म्हणतात. अर्धेच खरे आहे ते. धनेगावच्या त्या मुलाच्या आयुष्यातले प्रसंग सुटे, एकापुढे एक येतात, आणि पुस्तकाची ताकद त्या माऱ्यात आहे. पण त्यात एक जागा अशी आहे की जिथे कारणाचा प्रश्न जीवघेणा होतो. तो शाळेत जाऊ लागतो आणि वस्तीतल्या पोरांना हगवण-उलट्या लागतात. जमातीतली माणसे ठरवतात, याच्या शाळेमुळेच हे झाले, याची शाळा बंद करा. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले त्यांच्या मुलाला बाहेरचे जग चोर म्हणते आणि आतले जग अवलक्षणी म्हणते. घडलेल्याला कोण कोणते कारण चिकटवतो, यावर माणसाचे आयुष्य ठरते. मराठीतल्या कितीतरी रचलेल्या कादंबऱ्यांत इतके घट्ट कथानक सापडणार नाही.

बाकीच्यांचा उल्लेख धावता करतो. मुखेडचे नागनाथ कोत्तापल्ले, २०१३ च्या चिपळूण साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, यांच्या कथा-कादंबऱ्यांत सत्ता माणसाला कशी वाकवते याचा माग आहे. परभणीचे आसाराम लोमटे यांना ‘आलोक’साठी २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्यांनी दीर्घकथेचा ऐसपैस आकार निवडला, कारण आजच्या गावातल्या एका निर्णयामागे पंचायत, पतपेढी, जात, भावकी अशी चार-पाच कारणे एकाच वेळी असतात आणि दहा पानांत ती मावत नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष भारत सासणे हेही दीर्घकथेचेच लेखक. हा योगायोग असेल. पण आमच्या भागाला दीर्घकथा मानवते, असे मला ठामपणे वाटते.

आता तक्रार. ग्रामीण कथेने गेल्या पन्नास वर्षांत बोली मिळवली, तपशील मिळवले, आणि हळूहळू तयार कारणांचा एक साठाही करून ठेवला. सावकार, सरपंच, दलाल, पाऊस. आणि शेवटी गळफास. मराठवाड्यात आत्महत्या होतात, फार होतात, आणि त्यावर लिहिलेच पाहिजे. पण कथेच्या पहिल्या परिच्छेदात कर्ज आले की शेवटच्या परिच्छेदात दोर येणार हे वाचकाला कळत असेल, तर त्या माणसाच्या मरणाला लेखकाने आकड्यात जमा केले. त्याच गावात तितकेच कर्ज असलेले दुसरे चारजण जगले. तो का नाही जगला? या प्रश्नापाशी कथानक आहे, आणि तिथे पोचायला त्या माणसाबद्दल कर्जाच्या रकमेपलीकडे पुष्कळ माहीत असावे लागते.

दुसरीकडे, नवी कारणे डोळ्यांसमोर पडून आहेत. लातूर आणि नांदेडच्या क्लासच्या गल्ल्यांत मराठवाड्यातल्या हजारो मुलामुलींचे दोन-दोन वर्षांचे आयुष्य चालले आहे; एका खोलीत चौघे, मेसचा डबा, आणि गावी गहाण पडलेले रान. लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनचा सौदा होतो, तेव्हा ते विकायचे की घरात ठेवायचे यावरून नवराबायकोत दिवाळीपर्यंत अबोला चालतो. देगलूर-बिलोलीकडे सीमेपलीकडच्या तेलुगू घरांशी सोयरिकी होतात. या प्रत्येक ठिकाणी कुणीतरी काहीतरी ठरवतो आणि त्याची किंमत दुसराच कुणीतरी मोजतो.

नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांत मराठी शिकवणाऱ्या माझ्या मित्रांना एक विनंती आहे. कथालेखनाची कार्यशाळा घ्याल तेव्हा मुलांना अनुभव लिहा एवढेच सांगून थांबू नका. ‘पाचोळा’ आणि ‘लाल चिखल’ समोर ठेवा, एकेक प्रसंग सोडवून दाखवा, हे कशामुळे घडले आणि ते कुणाला केव्हा कळले हे दर पानाला विचारा. मग त्यांनी लिहून आणलेल्या पहिल्या खर्ड्यालाही तेच दोन प्रश्न विचारा. आपल्या मुलांकडे गोष्टी पुष्कळ आहेत.